सोजराक्कांची हरकत

शिवी द्यायची असली की सोजराक्का बांध उतरून खाली जात. तळ्याच्या बांधाला आतल्या अंगाने दगडी पायऱ्या होत्या आणि बाहेरच्या अंगाने कुसळी गवताचा उतार. त्या उताराने दहा पावले खाली एक वाकडी चिंच होती. तिथे पोचायचे, पाण्याकडे पाठ करायची, कमरेवर हात ठेवायचे आणि ज्याच्या नावाने जे साचले असेल ते सगळे बाहेर काढायचे. काढून झाले की पदराने तोंड पुसून पुन्हा वर. वर आलेल्या अक्कांचा आवाज इतका मऊ असे, की खाली कुणी दुसरीच बाई ओरडून गेली असावी.

मी शाळेवर रुजू होऊन पंधरवडा झाला असेल. एका माणसाने बैल धुवायला थेट पिण्याच्या घाटावर आणले. अक्का त्याला काही बोलल्या नाहीत. खाली गेल्या, त्याच्या सात पिढ्यांचा समाचार घेतला आणि वर येऊन त्यालाच म्हणाल्या, "भाऊ, बैलं तिकडच्या अंगाला ने रं राजा." तो निमूट गेला. मला हसू आवरेना. मी विचारले, "अक्का, माणूस तर इथे उभा होता. इथेच का नाही बोललात?"

"म्हाताऱ्याच्या म्होरं?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू शिवी मीच दिली होती. "बाई, तुमी नांदेडच्या. तुमची गंगा वाहती हाय. कुणी काय बोललं तर न्हेती वाहून. हे म्हातारं कुठं जाणार? कानावर पडंल ते पोटात धरून बसतंय."

म्हातारे म्हणजे तळे.

उदगीरच्या पुढे, लातूरची शीव जिथे नांदेडच्या शिवेला खेटते, तिथे वडगाव, सांगवी आणि बोरवाडी या तीन गावांच्या मधोमध ते पसरलेले होते. पहाटे त्याचा रंग जुन्या तांब्याच्या हंड्यासारखा असे, दुपारी पत्र्यासारखा, आणि तिन्हीसांजेला त्याला रंगच उरत नसे, नुसता वास उरे: लव्हाळ्याचा, शेवाळाचा, दिवसभर तापून निवणाऱ्या दगडाचा. पूर्वेला एक काळी टेकडी होती. तिची सावली सकाळी पाण्यात पडे आणि दहाच्या सुमाराला बाहेर निघे. माझ्या शाळेची घंटा त्या सावलीवर चाले, इतकी ती नेमाची होती.

सोजराक्का या तळ्याच्या निरडी. निरडी हा शब्द तेलंगणाच्या बाजूने आलेला. पाणी राखणारा, वाटणारा, बांधाची निगा ठेवणारा माणूस तो निरडी. बांधाच्या पोटातून पाणी सोडण्याचे दगडी दार असते, त्याला तिकडे तूम म्हणतात. ते उघडायचा लोखंडी गज अक्कांच्या घरात पिढ्यांपासून होता. तीन गावांची शेते ज्यांच्या हाताने भिजत, त्या घराने मात्र प्यायचे ते तुमाच्या खालच्या डबक्यातले. वरच्या घाटावर त्यांच्या सावलीलाही मज्जाव होता.

छप्पन साली वस्तीने धर्म बदलला तेव्हा गावकीची सगळी कामे टाकली. मेलेली ढोरे ओढणे टाकले, सांगावे नेणे टाकले, दारोदार भाकरी मागणे टाकले. अक्कांच्या वडिलांनीही टाकले. फक्त गज टाकला नाही. वस्तीतली तरणी माणसे चिडली. वडील म्हणाले, "ते हलकं काम हुतं, ते टाकलं. हे राखायचं काम हाय. हे टाकलं तर पाणी पुन्ना त्यांचंच." मग एक दिवस ते सोबत तरण्या सोजरला घेऊन, हातात गज धरून, भर दिवसा वरच्या घाटाच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळीने पाणी प्याले. लोक बघत राहिले. कुणी पुढे आले नाही, कारण ज्याच्या हातात गज, त्याच्या हातात रब्बी.

"वरचं पाणी गार लागलं," अक्का सांगत. "खालचं लोखंडावानी लागायचं. तवापासून मला पाण्याची चव कळती."

लग्न, वैधव्य आणि माहेरी परतणे यांविषयी त्या दोनच शब्द बोलत: "गेले, आले." त्यानंतरचे सगळे आयुष्य बांधावर. पहाटे त्या बांधावरून अनवाणी चालत, एक टोक ते दुसरे टोक, टाच दाबून, सावकाश. जिथे तळव्याला गारवा लागे तिथे थांबत. तिथे आतून पाणी झिरपते आहे असा त्याचा अर्थ. मग मातीचे चिखलगोळे, चुना आणि पायांचा मार. मी एकदा त्यांच्यामागून अनवाणी चालून पाहिले. मला सगळा बांध सारखाच गार लागला. "शिकलेले पाय हाईत बाई तुमचे," त्या म्हणाल्या, "वहाणंतच ऱ्हावं त्यांनी."

पाणी पिण्यापूर्वी त्या हुंगत. पाहुण्याला देण्यापूर्वीही हुंगत. बोटाचे टोक बुडवून जिभेला लावत आणि सांगत, "आज वारं खालच्या अंगानं हाय," किंवा "बोरवाडीच्या अंगाला कुणीतरी ताग भिजू घातलाय." घालणारा सापडे.

या तळ्याची एक रीत होती आणि तिच्याखातर मी हे सगळे लिहिते आहे.

रब्बीची पेरणी तोंडावर आली की तिन्ही गावे बांधावर जमत. सगळे खाली बसत, पाटील असो की सालगडी. अक्का तुमापाशी गज घेऊन उभ्या राहत आणि विचारत, "सोडू का?" ज्याला पाणी सोडणे मान्य तो उठून उभा राही. ज्याची हरकत असेल तो बसून राही. बांधावर 'नाही' हा शब्द उच्चारायचा नाही, हे पहिले कलम. एकही माणूस बसलेला असेल तोवर तूम उघडायचे नाही, हे दुसरे. बसलेल्याला वर कुणी कारण विचारत नसे. सगळे उठून चिंचेखाली जात, तिथे जी काय बोंबाबोंब व्हायची ती होई, आणि मग पुन्हा वर येऊन पुन्हा बसत. पुन्हा तोच प्रश्न.

मी पाहिले त्या वर्षी सांगवीची एक म्हातारी बसून राहिली. तिच्या वाट्याचा पाट शेजाऱ्याने बुजवला होता. तीन गावे एका म्हातारीसाठी उतार उतरली, भांडली, दोन माणसांनी तिथल्या तिथे फावडी घेऊन पाट मोकळा केला, आणि तिसऱ्या खेपेला ती गुडघ्यावर हात टेकून उठली तेव्हा सगळ्या बांधाने एकदम श्वास सोडला. तुमातून पहिले पाणी सुटले त्याचा आवाज मला अजून आठवतो. मी तेव्हा कविता करीत असे. घरी येऊन त्या बसलेल्या म्हातारीवरही एक केली. फार चांगली झाली असे मला वाटले होते.

लातूर नवा जिल्हा झाला त्याला फार दिवस झाले नव्हते. नव्या जिल्ह्याला सगळेच नवे हवे होते. कचेऱ्या, वसाहती, रस्ते, पूल. त्या सगळ्याला दगड हवा होता, आणि काळी टेकडी तळ्याच्या काठी उगीचच उभी आहे असे कुणाला तरी वाटले. हे वाटणारा माणूस परका नव्हता. व्यंकटराव गुत्तेदार, सरकारी कामांचे ठेके घेणारा, बोरवाडीचाच. लहानपणी याच पाण्यात पोहायला शिकलेला, बापाशेजारी याच बांधावर बसलेला आणि उठलेला. अक्कांना तो अक्काच म्हणे, वाकून नमस्कार करी. त्याने टेकडीच्या पाठीमागे लहानशी खाण सुरू केली आणि दगड फोडून खडी करणारे एक यंत्र आणून बसवले.

सुरुंग अकराला उडे. आधी शिटी, मग एक घुमका, मग पायांखालून जाणारी थरथर. मुलींच्या पाट्या बाकांवरून सरकत. शाळेच्या भिंतीला नदीच्या नकाशासारखी भेग पडली. दुपारपर्यंत पाण्यावर दुधाच्या सायीसारखी राखाडी धूळ धरू लागली. बायका हंडा बुडवण्याआधी ती हाताने बाजूला सारत, आणि सारलेल्या जागी पुन्हा धरे. ज्वारीच्या पानांवर जीभ फिरवली तर कचकच लागे. काठावर लहान मासे तोंड वर करून तरंगताना दिसू लागले. अक्का एका सकाळी ओंजळ नाकाशी नेऊन तशाच थांबल्या. "काडी इझवल्यावर येतो तसला वास हाय," म्हणाल्या, आणि ओंजळ परत पाण्यात सोडली नाही. बाजूला मातीवर ओतली.

त्यातच पावसाने ओढ दिली. मृग कोरडा गेला, पुढची नक्षत्रेही गेली. बहात्तरच्या दुष्काळातही हे तळे तळाला गेले नव्हते, असे म्हातारी माणसे एकमेकांना पुन:पुन्हा सांगू लागली, म्हणजे भीती वाटू लागली होती.

आणि चावडीवर नोटीस लागली. सबंध टेकडीची परवानगी मागितली आहे, अमुक दिवशी शाळेत साहेब येतील, ज्यांची हरकत असेल त्यांनी समक्ष सांगावी. मी ती वाचून दाखवली. अक्कांनी त्याच संध्याकाळी तिन्ही गावे चिंचेखाली जमवली.

इतके बोलताना मी त्या लोकांना कधी ऐकले नव्हते. धुणे धुणारी एक बाई म्हणाली, "पांढरं धुतलं तर करडं निघतंय, माणसं मला बोल लावत्यात." सांगवीच्या एका शेतकऱ्याने सांगितले, की सुरुंग उडाला त्या दिवसापासून त्याच्या विहिरीतला एक झरा बंद झाला आणि दुसरा गढूळ झाला. एका बाळंतिणीच्या आईने पाण्याखाली बसलेला चुरा फडक्यात गाळून आणला होता. ती तो सगळ्यांच्या तळहातावर चिमूटचिमूट ठेवीत फिरली. कडेला बसलेले एक आजोबा म्हणाले, "टेकडी म्हाताऱ्याची उशी हाय. उशी काढल्यावर माणूस कसं झोपंल?"

अक्कांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाल्या, "हे समदं बोलून झालं. हितं झालं ते बरं झालं." तेवढ्यात पाटलांनी बातमी आणली, की सुनावणी आता शाळेत नाही. साहेबांना उकडते म्हणून ती बांधावर, वडाच्या सावलीत ठेवली आहे.

अक्कांचे डोळे भरून आले. मी त्यांना रडताना तेव्हाच पाहिले, आणि ते आनंदाने. "बगा बाई," त्या म्हणाल्या, "सरकार म्हाताऱ्याच्या म्होरं येऊन इचारणार हाय! कधी आलं का असं?" मग गावांकडे वळून म्हणाल्या, "ध्यानात ठिवा. वर कुणी शब्द काढायचा न्हाई. नुसतं बसायचं. एक माणूस उठला तर बगा."

त्या दिवशी बांधावर टेबल मांडले होते, त्यावर फुलांची चादर होती. साहेब सभ्य होते, थकलेले होते, रुमालाने मान पुसत होते. त्यांचा कारकून तापाने पडला म्हणून लिहायला मला बसवले. "बाईंचं अक्षर मोत्यासारखं हाय," असे व्यंकटराव म्हणाले. तेच साहेबांच्या शेजारी बसले होते. सावलीची जागाही त्यांनीच सुचवली होती, हे साहेबांनी त्यांचे आभार मानले तेव्हा मला कळले.

समोर तीन गावे बसली होती. इतकी माणसे आणि इतकी शांतता मी एकत्र पाहिली नव्हती. पुढे अक्का, मांडीवर गज आडवा. वारा पाण्यावरून येत होता आणि त्याला धुळीचा वास होता.

साहेबांनी खाणीची माहिती वाचली. मग विचारले, "या खाणीबद्दल कोणाची हरकत आहे का? असेल त्याने उभे राहून सांगावे."

कुणी हलले नाही. दूर टिटवी ओरडली.

"घाबरू नका. हरकत असेल तर उभे राहा."

माणसे अधिक घट्ट बसली. त्या बाळंतिणीच्या आईने मूठ आवळली होती. मुठीत फडके होते. आजोबांनी दोन्ही तळवे जमिनीवर दाबले होते, जणू कुणी उपटून नेईल. अक्का पाण्याकडे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी अभिमान पाहिला.

फक्त व्यंकटराव उठले. धोतराचा सोगा सावरीत हसले आणि म्हणाले, "साहेब, आमची लोकं समजदार हाईत."

"लिहा बाई," साहेब म्हणाले. "ग्रामस्थ मोठ्या संख्येने उपस्थित. वारंवार विचारणा करूनही कोणीही हरकत नोंदवली नाही."

माझी लेखणी थांबली. मी म्हणाले, "साहेब, इथली रीत अशी आहे, की—"

"बाई, रीत नको. मजकूर लिहा."

मी लिहिले. मला त्याहून अधिक काही करता आले असते. उभे राहून एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? पण नोकरी नवी होती, साहेब मोठे होते, आणि मला वाटले, कागद तर आहे, कागदाने काय होते. कवितेवर जन्म काढायला निघालेल्या मुलीला कागदाने काय होते हे ठाऊक नव्हते.

साहेबांची जीप गेल्यावर अक्का माझ्याकडे जवळजवळ पळत आल्या. "बगितलं का? तिन्ही गावं! समदी बसून ऱ्हायली! त्यो यंकट्या सोडून." त्यांनी तांब्या बुडवला, हुंगला, मला दिला. मी तो प्याले. त्यांना काहीही सांगितले नाही. ते पाणी घशाखाली उतरताना कचकचले.

पुढच्या महिन्यात टेकडीला चारी बाजूंनी भोके पडली. सुरुंग दिवसातून तीनदा उडू लागला. अक्कांना वाटले, सरकारला उत्तर पोचायला वेळ लागतो आहे. त्या वाट पाहत होत्या. आणि तळे उतरू लागले. रोज एक ओली रेघ काठावर उघडी पडे आणि संध्याकाळपर्यंत पांढरी होई. अक्कांच्या पायांना बांधात कुठेही गारवा लागत नव्हता. "बांध कोरडाच हाय," त्या म्हणाल्या. "बुडातून जातंय. दगडाला खाली तडं गेलंय."

पाण्याची पाहणी करायला दुसरे एक साहेब आले. काठावरूनच म्हणाले, "आजी, दुष्काळ आहे. सगळीकडचंच आटलंय. ऊन पितंय पाणी."

अक्का त्यांच्या तोंडाला लागल्या नाहीत. त्यांनी लग्नाच्या पंगतीची सर्वांत मोठी कढई मागून आणली, काठाच्या चिखलात कानांपर्यंत पुरली, तळ्याच्याच पाण्याने भरली आणि पाण्याच्या पातळीला काजळीची रेघ ओढली. गुरांनी तोंड घालू नये म्हणून भोवती बाभळीचे काटे लावले. शेजारी तळ्यातल्या दगडावर दुसरी रेघ. आठ दिवस त्या तिथून हलल्या नाहीत. नवव्या दिवशी मला शाळेची फूटपट्टी घेऊन बोलावले. कढई चार बोटे उतरली होती. तळे एक हात उतरले होते.

फूटपट्टी आणि एका दोरीला मारलेल्या गाठी घेऊन अक्का तालुक्याला गेल्या. त्यांनी त्याच साहेबांना सांगितले, "चार बोटं उन्हानं पिली, कबूल. बाकीचं कुणी पिलं तेवढं सांगा." साहेबांनी दोरी हातात घेऊन पाहिली. त्यांना गणित कळले असावे, कारण त्यांनी गाठी दोनदा मोजल्या. मग म्हणाले, "कढईचा पंचनामा होत नाही, आजी. आणि आता हे आणून काय उपयोग? तुमच्याच गावांनी लिहून दिलंय, हरकत नाही म्हणून."

"कुणी दिलं?"

"नक्कल काढून घ्या."

त्यांनी नक्कल काढली. तिसऱ्या फेरीत ती मिळाली, मूळ कागदाची झेरॉक्स. ती घेऊन त्या थेट माझ्याकडे आल्या. मी बांधावर उभी होते. "वाचा," त्या म्हणाल्या. साहेबांच्या सहीच्या वर, गोल गोल, मोत्यासारखे, माझे अक्षर होते.

मी वाचले. प्रत्येक शब्द वाचला.

"अक्षर तुमचं हाय?"

"हो."

"त्या दिवशीचं?"

"हो, अक्का."

त्यांनी नक्कल घडी घालून कनवटीला खोचली. मग म्हणाल्या, "चला खाली."

दहा पावले मी त्यांच्या मागून उतरले. चिंचेखाली आल्यावर त्यांनी पाण्याकडे पाठ केली आणि मला समोर उभे केले. मी डोळे मिटले. त्या म्हणाल्या त्यातले सगळे इथे लिहिण्यासारखे नाही, आणि लिहिण्यासारखे आहे ते मला पाठ आहे. "तुमाला रीत ठावं हुती! त्या सायबाला न्हवती, त्याला माफ. तुमी बगितली हुती, गाणं केलं हुतं म्हाताऱ्या बाईवर, मला वाचून दाखिवलं हुतं! गाणं कराया डोळं हाईत आन् लिव्हायला हात न्हाईत? आमच्या बापानं पाणी पिलं तवा शंभर माणूस उभं हुतं दगडं घेऊन, त्यो भ्याला न्हाई. तुमाला एका सायबाचं भ्या वाटलं? जळो तुमचं मोत्यावानी अक्षर!"

मग त्यांनी पदराने तोंड पुसले. "चला वर," म्हणाल्या. "शाळंची येळ झाली. तोंड धुवा."

त्या रात्री मी खरी हकिगत लिहिली: तिन्ही गावे बसून होती, आणि बसणे म्हणजेच हरकत. खाली तिन्ही गावांचे अंगठे घेतले, माझी सही केली. उत्तर आले ते एका ओळीचे. मुदत संपली आहे, आणि सदर इतिवृत्त आपल्याच हस्ताक्षरात आहे.

पुढच्या उन्हाळ्यात तळे संपले. संपले म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगता येत नाही. मधोमध एक राखाडी चिखलाचा डोळा उरला. त्याच्या कडेला कासवे मेलेली होती आणि त्यांचा वास शाळेपर्यंत येई. मग डोळाही मिटला. ज्या तीन गावांनी कधी पाण्यासाठी रांग लावली नव्हती, त्या गावांच्या बायका टँकरमागे धावताना मी पाहिल्या. अक्का तरीही पहाटे बांधावर चालत, टाच दाबून, एक टोक ते दुसरे टोक. आणि त्या सगळ्या काळात चिंचेखाली गेल्या नाहीत. मी एकदा विचारले, आता तर म्हातारे ऐकायला नाही, वरच का नाही शिव्या देत? म्हणाल्या, "मेलेल्या माणसाम्होरं तरी कुणी बोलतं का?"

टेकडी निम्मी झाली होती. सावली आता पाण्याच्या जागेपर्यंत पोचत नव्हती, मुलींना शाळेची वेळ कळत नव्हती.

माझी बदली झाली त्याच महिन्यात तालुक्याला नव्या कचेरीचे उद्घाटन होते. आमच्याच टेकडीचा दगड, घासून गुळगुळीत केलेला, पायऱ्यांना आणि पटांगणाला बसवला होता. स्वागतगीतासाठी माझ्या शाळेच्या मुली बोलावल्या होत्या. मी त्यांना घेऊन मंचाच्या एका अंगाला उभी होते. मांडव भरला होता. मंचावर पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या, आणि एका टोकाच्या खुर्चीवर फेटा बांधून व्यंकटराव.

पुढच्या रांगेत, सतरंजी सोडून, उघड्या दगडावर सोजराक्का बसल्या होत्या. मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेले काहीतरी लांबट होते. एसटीने इतक्या लांब त्यांनी तो गज कसा आणला असेल, कोण जाणे. त्या तळहाताने खालची फरशी चाचपत होत्या, हळूहळू, आजारी गुराच्या अंगावरून हात फिरवावा तशा. मग एक बोट जिभेला लावले.

पाहुणे आले. कर्ण्यातून सूचना झाली, सर्वांनी उभे राहून स्वागत करावे. सगळा मांडव उठला. लुगड्यांचा, धोतरांचा, खुर्च्यांचा एकच आवाज झाला. अक्का उठल्या नाहीत.

एक शिपाई वाकून म्हणाला, "आजे, उठ की. साहेब आलेत."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही.

"पाय दुखतात का? हात देऊ?"

अक्कांनी तळवा फरशीवर दाबून धरला. ज्या दगडावर त्या बसल्या होत्या त्याच्यापुढे त्यांनी जन्मात 'नाही' म्हटले नव्हते, आता कशाला म्हणतील? पाठ ताठ होती. गज आडवा होता. शिपायाला वाटले, बहिरी असेल. त्याने मान हलवली आणि तो पुढे गेला. भोवतालच्या लोकांना वाटले, थकली असेल बिचारी.

त्या मांडवात त्यांची हरकत वाचता येणारी दोनच माणसे होती. एक व्यंकटराव. त्यांनी खाली पाहिले, त्यांचे हसू ओठांवरच वाळले, आणि मग ते सगळ्यांपेक्षा मोठ्याने टाळ्या वाजवू लागले.

दुसरी मी. मुलींनी गाणे सुरू केले होते. अक्कांनी मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात खालचे काही नव्हते. शिवी नव्हती, राग नव्हता. दर रब्बीला तुमापाशी उभ्या राहून त्या सगळ्यांकडे जसे पाहत, कोण उठले, कोण बसले, तसेच ते पाहणे होते.

मी उभी होते.